गाव विचारायचं नाही

कंपन्यांनी आपल्या माणसांचं खातं बाहेरच्या एजन्सीकडे का द्यावं, या विषयावर मी भाषणं देतो. माझं पोटच त्यावर चालतं. पुण्यात माझी अशी एक एजन्सी आहे. नोकरभरती, पगारपत्रकं, रजा, तक्रारी आणि वेळ आलीच तर माणूस काढणं, ही सगळी कामं आम्ही दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी करतो. भाषणात मी पडद्यावर कारणं दाखवतो. खर्च वाचतो. कायद्याची कटकट टळते. तज्ज्ञ माणसं मिळतात. मालकाला आपल्या मूळ धंद्याकडे लक्ष देता येतं. समोरचे लोक माना डोलावतात आणि मग जेवण असतं.

यातलं एकही कारण खोटं नाही, पण खरं कारणही यात नाही. ते मला कोल्हापुरात एका माणसानं शिकवलं. ते पडद्यावर दाखवता येत नाही, कारण त्यात एक म्हैस आहे.

सगळे त्यांना आण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. शिरोलीच्या बाजूला त्यांची फौंड्री होती. ट्रकना आणि ट्रॅक्टरना लागणारे लोखंडी भाग तिथे ओतून तयार होत. फौंड्रीत सगळंच काळं. वाळू काळी, भिंती काळ्या, दुपारपर्यंत माणसंही काळी. आणि या काळोखात आण्णा पांढराशुभ्र लेंगा आणि पांढराशुभ्र शर्ट घालून फिरत. जेवायच्या सुट्टीपर्यंत त्या कपड्यांची राख झालेली असे, मग ते घरी जाऊन पुन्हा पांढरे होऊन येत. वहिनींच्या हाताला साबणानं भेगा पडल्या होत्या. मी एकदा धीर करून विचारलं, की आण्णा, खाकी का नाही घालत?

"मालक लांबनं दिसाय पायजे," आण्णा म्हणाले. "न्हाईतर अवचित जाऊन कुणाला तरी झोपल्यालं बगाय लागतंय. मग त्येला बोलाय लागतंय."

या एका वाक्यात सगळे आण्णा आले. ते कुणाला बोलू शकत नसत. म्हणजे शिव्या भरपूर देत, भट्टीच्या आवाजावरून ऐकू जातील अशा देत; पण 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. उचल मागणाऱ्याला नाही, रजा मागणाऱ्याला नाही, वर्गणीवाल्याला नाही आणि नोकरी मागणाऱ्याला तर नाहीच नाही.

कारखान्याच्या मागे, वाळूच्या ढिगाऱ्यापलीकडे, त्यांनी एक म्हैस बांधली होती. सांगायला ती भट्टीवरच्या माणसांना दूध मिळावं म्हणून होती. खरा उपयोग वेगळा होता. नाही म्हणायची वेळ आली, की आण्णा बोलता बोलता उठत, "आलोच हं, म्हशीकडं जाऊन येतो" म्हणत आणि जात. परत येत नसत. समोरचा माणूस तासभर वाट बघून काय ते समजून घेई. पुढे पुढे कारखान्यात ही भाषाच झाली. "तुज्या उचलीचं काय झालं रं?" असं कुणी विचारलं, की उत्तर येई, "म्हशीकडं गेली."

पण चिवट माणसांना म्हैस थोपवू शकत नव्हती. काही माणसं दुसऱ्या दिवशी परत येत. त्यांच्यासाठी आण्णांनी मला नेमलं.

मी तेव्हा नुकता पदवी घेऊन बाहेर पडलेला, नाशकात वाढलेला, कोल्हापुरात शिकायला आलेला पोरगा होतो. कामगार कायदे पाठ होते, टाय उसना होता. मुलाखतीत आण्णांनी एकच प्रश्न विचारला.

"साहेब, तुमाला न्हाई म्हणता येतंय?"

"येतं."

"म्हणून दावा. समजा, मी कामगार हाय. साहेब, उद्या सुट्टी पायजे."

"नाही."

"घरात म्हातारी आजारी हाय वो."

"डॉक्टरांचा दाखला आणा."

"डॉक्टर गावाला गेल्यात."

"मग ते आल्यावर सुट्टी घ्या."

आण्णा खुर्चीत मागे टेकले. माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मैदानात नवा पोरगा मोठ्या पैलवानाला आस्मान दाखवतो तेव्हा लोक बघतात. "लई भारी," ते हळूच म्हणाले. "काळीज हाय का न्हाई तुमाला? उद्यापासनं या."

मी आलो. आण्णा म्हशीकडे गेले, की उरलेलं वाक्य मी पूर्ण करायचं, एवढीच माझी नोकरी. मी ती चोख केली. त्यात मला गोडी वाटू लागली होती, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही. समोरचा माणूस टोपी हातात घेऊन उभा आहे आणि आपण नियम सांगतो आहोत, यात एक नशा असते. मी स्वतःला तेव्हा व्यवस्थापन समजत होतो.

आता गाव विचारण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच फिरलं.

आपल्याकडे अनोळखी माणसाला गाव विचारणं ही बहुतेक ठिकाणी जात विचारायची सभ्य तऱ्हा असते. आण्णांना जातीत रस नव्हता असं मी म्हणणार नाही, पण ते जातीवर थांबत नसत. त्यांना नातं लागायचं, आणि नातं लावायला त्यांना रक्ताची गरज नव्हती. एकदा साचे करायच्या कामासाठी मुरगूडचा एक पोरगा आला. मी त्याची परीक्षा घेतली होती. त्याला साच्याचा स सुद्धा येत नव्हता. मी आण्णांच्या कानात तसं सांगून ठेवलं. आण्णांनी मान हलवली आणि पोराकडे वळले.

"पाव्हणं, गाव?"

"मुरगूड."

मी परीक्षेचा कागद आण्णांपुढे सरकवला.

"मुरगुडात कुठं?"

"देवळामागं."

"देवळामागं!" आण्णा सावरून बसले. "तुमच्या जत्रंत माझ्या चुलत्याचा फेटा हरवल्याला. उघड्या डोस्क्यानं कसा येणार माणूस घरला? तर देवळामागच्या एकानं आपला फेटा काढून दिला. कोण असंल त्यो?"

"मला काय म्हाईत न्हाई जी."

"तुजा आज्जा असंल."

"आमचा आज्जा टोपी घालायचा."

"मग त्येचा भाऊ असंल! साहेब, आमच्या घराण्याच्या डोस्क्यावर ह्येंचं उपकार हाईत. घ्या ह्येला."

अशी फौंड्री भरली होती. कुणाच्या गावची म्हैस आण्णांच्या वडिलांनी विकत घेतली होती, कुणाच्या गावात आण्णांची एसटी बंद पडली होती आणि रात्रीला भाकरी मिळाली होती. मिरजेच्या एका मुसलमान फिटरशी त्यांचं नातं सतारीवरून होतं, आणि आण्णांच्या सात पिढ्यांत सतार कुणी हातात धरलेली नव्हती. दुसऱ्या प्रश्नाला ओळख निघायची, तिसऱ्याला नातं. आणि एकदा नातं निघालं, की तो माणूस काढायचं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "ओळख निघाली की संपलं," असं ते स्वतःच म्हणायचे, एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं.

फक्त मला त्यांनी गाव विचारलं नाही.

सगळ्यांना 'लेका' आणि 'रं' म्हणणारे आण्णा मला 'साहेब' आणि 'तुमी' म्हणत. एकदा मुकादमानं माझ्याशी गप्पा मारताना सहज विचारलं, "साहेब, तुमचं मूळ गाव..." तर दारातून आण्णा ओरडले, "ते ऱ्हाऊ दे! साहेबांना कामाचं काय असंल ते इचार." त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, की माणूस शिकलेला नाही, पण विचारांनी किती आधुनिक आहे बघ. माझ्या पदवीचा मान राखतो. बायको म्हणाली, "जेवायला कधी बोलावलंय का त्यांनी?" मी म्हणालो, आधुनिक माणसं ऑफिस आणि घर वेगळं ठेवतात.

नव्वदचं दशक संपत आलं तशी वाहनांच्या धंद्यात मंदी आली. आमचा निम्म्याहून जास्त माल पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला जायचा. तिथला खरेदीचा साहेब कारखाना बघायला आला. भट्टीपाशी उभा राहून त्यानं विचारलं, "हा माणूस धातू ओततोय. शेजारचा काय करतो?"

"ह्येच्याकडं बगतोय," आण्णा म्हणाले.

"आणि तो तिसरा?"

"त्यो पाव्हणा हाय."

साहेबानं जाताना स्वच्छ सांगितलं. दिवाळीपर्यंत माणसं कमी झालेली दिसली पाहिजेत, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. ती ऑर्डर गेली असती तर भट्टी विझली असती, हे झाडूवाल्यालाही कळत होतं. म्हणजे काही माणसं जाणार, नाहीतर सगळीच जाणार. प्रश्न एवढाच होता, की हे त्यांना तोंडावर सांगणार कोण?

आण्णा ताबडतोब म्हशीकडे गेले.

मी सांगायला सुरुवात केली. सकाळी एकाला बोलावलं, मंदी समजावली, नियम समजावले, हिशेब घेऊन जा म्हणालो. तो थेट आण्णांच्या घरी गेला. तिथे वहिनींनी त्याला जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या जागी उभा, वर मलाच "रामराम साहेब" म्हणाला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. माझं 'नाही' कारखान्याच्या फाटकापर्यंतच चालायचं.

तेव्हा मी ती कल्पना काढली. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की परदेशात कंपन्या हे सगळं खातंच बाहेर देऊन टाकतात. मी आण्णांना समजावलं. आपलं कामगार खातं पुण्याच्या एका एजन्सीला द्यायचं. भरती ते करणार, रजा ते देणार, माणूस ते काढणार. आपला संबंध नाही. नाही म्हणायचं ते पुण्याहून म्हणतील.

आण्णांचा चेहरा उजळला. "पुण्यासनं? मग कुणाला वाईट वाटायचा सवालच न्हाई. पुण्याचं माणूस न्हाईच म्हणतंय."

"पण एक अट आहे, आण्णा. त्या एजन्सीच्या माणसाला गाव विचारायचं नाही."

"म्हशीशप्पत!" आण्णा म्हणाले.

एजन्सीनं फाटकाजवळच्या खोलीत एक फोन बसवला. रजा हवी, तक्रार करायची, तर कामगारानं तिथून पुण्याला फोन करायचा. पलीकडे एक मुलगी ठरलेली वाक्यं बोलायची. पहिले काही दिवस सगळं मस्त चाललं. माणसं खोलीत जात, पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर येत. मी खूश होतो. मग मला वाटू लागलं, की माणसं खोलीत जरा जास्तच वेळ थांबतात. एके दिवशी दाराशी उभा राहून ऐकलं. आत आमचा भट्टीवाला फोनवर होता.

"जेवलासा का ताई?... काय केल्यालं?... डब्यात? आनि डबा कोण देतंय?... मावशीकडं ऱ्हातासा व्हय. मग गाव कुठलं म्हणायचं तुमचं?... कराडजवळ! आवो, मग परक्या न्हाईसा की!... न्हाई, रजंचं ऱ्हाऊ दे, आधी सांगा, लग्नाचं जमलं त्ये मोडलं कशापायी?"

महिना संपायच्या आत त्या मुलीचं मोडलेलं लग्न हा अख्ख्या फौंड्रीचा प्रश्न झाला होता. साचेवाले तिच्यासाठी स्थळं बघत होते. आणि ती बिचारी दिवसभर ठरलेली वाक्यं बोलून कंटाळलेली. तिनं रजा द्यायचा सपाटा लावला. खातं माझ्याकडे असताना मिळत नव्हत्या इतक्या रजा पुण्याहून मिळू लागल्या.

मी एजन्सीला रागाचं पत्र लिहिलं. त्यांनी त्यांचा अधिकारी पाठवला. तो येऊन कारखाना बघणार, कोण ठेवायचा, कोण काढायचा ते ठरवणार आणि स्वतः समोर बसवून सांगणार. तिशीतला, चष्म्याचा, कोरड्या आवाजाचा माणूस. "भावना बाजूला ठेवून बोलू या," हे त्याचं पहिलं वाक्य. मी मनात म्हटलं, सापडला.

आण्णांनी शपथ पाळायची शर्थ केली. मी सतत शेजारी बसायचो. त्यांना समोरच्या माणसाचं गाव न विचारता बोलायची सवय नव्हती. उपासाच्या दिवशी मिसळीच्या दुकानावरून जाणाऱ्या माणसासारखी त्यांची अवस्था झाली होती.

"तिकडं पाऊस कसा हाय, साहेब?" आण्णा विचारत.

"तिकडं म्हणजे?"

"तिकडं म्हंजे तुमच्या त्या..." मी खाकरायचो. "...पुण्यात!" आण्णा कपाळ पुसायचे.

अधिकाऱ्यानं काम संपवलं. कुणाला काढायचं ते पक्कं झालं. दुपारी जेवण आणि जेवणानंतर एकेकाला बोलावणं, असं ठरलं. जेवण आण्णांच्या घरी होतं. त्या घरी मीही पहिल्यांदाच जेवायला चाललो होतो, अधिकाऱ्याबरोबर, राखणदार म्हणून.

वहिनींनी तांबडा-पांढरा रस्सा केला होता. ताट समोर येताच अधिकारी म्हणाला, "माफ करा, मी मटण खात नाही."

"अगं बया! माळ हाय व्हय गळ्यात?" वहिनी दारातून म्हणाल्या.

"नाही, आम्ही लिंगायत आहोत."

"मग आदी सांगायचं न्हाई का वो. पाच मिंटात झुणका टाकते." त्या आत वळल्या, आणि वळता वळता, जसं कुणी भाजीत मीठ टाकतं, तसं म्हणाल्या, "गाव कुठलं म्हणायचं, भाऊ?"

मी ठसकलो. आण्णांचा घास हवेत थांबला. अट त्यांना होती, वहिनींना कुणी घातलीच नव्हती.

"पुणेच," अधिकारी म्हणाला. "म्हणजे मूळचे आम्ही गडहिंग्लजचे. आजोबांचं तिथे मिरचीचं दुकान होतं."

मी आण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनंती होती, पोराला चुकून हातातून सुटलेल्या पतंगाच्या मागे पळायची परवानगी हवी असते तशी. मी मान हलवून नाही म्हटलं. आण्णांनी ताट बाजूला सारलं.

"पेठंत? का बाजारतळाला?"

"पेठेत. मी लहानपणी अव्वाकडे सुट्टीत जायचो."

"अव्वा म्हंजे आज्जी न्हवं? नाकात मोठी चमकी? दुकानात बसायची?"

"बसायची खरी," अधिकाऱ्याचा कोरडा आवाज एकदम ओला झाला. "तुम्ही ओळखत होता?"

"ऐकलीस का गं!" आण्णा आत बघून ओरडले. "आपली वर्साची मिरची ह्येंच्या अव्वाकडनं यायची! आवो, लगीन झाल्यापासनं ह्या घरात जे काय तिखट खाल्लंय ते तुमच्या घरचं. ह्या रश्शाचं तिखटसुदिक त्येच..."

"आण्णा, ती आजी कधीच वारली असेल," मी म्हणालो.

"मिरची तिच्याच हातची हाय," आण्णा म्हणाले.

अधिकाऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले. तिखटामुळे म्हणावं, तर त्यानं रश्श्याला हात लावला नव्हता. वहिनींनी झुणका वाढला, वर अव्वाच्या आठवणीनं तुपाची धार धरली. त्या दुपारी कुणालाही बोलावणं गेलं नाही. अधिकारी संध्याकाळच्या गाडीनं चटणीची बरणी मांडीवर घेऊन पुण्याला गेला. आठवड्यानं त्याचा अहवाल आला, की कारखान्यात माणसं योग्य तेवढीच आहेत. त्याच्या मागोमाग गडहिंग्लजची दोन पोरं नोकरीला आली. एजन्सीनं निवडून पाठवली होती.

दिवाळी तोंडावर आली. अजून एकही माणूस कमी झाला नव्हता.

एका सकाळी आण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दुधाचा पेला होता, माझ्यासाठी. आण्णा बसून होते. उठायची काही चिन्हं दिसत नव्हती.

"साहेब, तुमाला जावं लागतंय."

"पुण्याला?"

"न्हाई. घरला."

मला आधी समजलंच नाही. आण्णा शांतपणे बोलत राहिले. "गिऱ्हाईकाच्या साहेबाचा फोन आल्ता. त्यो म्हणाला, कामगार खातं तुमी भायेर दिलंय, मग हितं आनि येक खातं कशाला? बरोबर हाय त्येचं. आपलं खातं बंद केलं, साहेब आनि कारकून कमी केलं, म्हणून दावलं, की त्यो ह्या वर्सापुरता गप बसतोय. मी इचारून घेतलंय. कारकुनाला चुलतभावाच्या दुकानावर लावतोय मी, त्यो आपल्यातलाच हाय."

"आणि भट्टीवरची माणसं?"

"ती कुठं जात्यात?"

"पण हे एजन्सीनं सांगायचं असतं, आण्णा. त्यासाठीच तर..."

"त्यो कुठला सांगतोय. त्यो आता पाव्हणा झालाय." आण्णांनी पेला माझ्याकडे सरकवला. "आनि तुमाला सांगाय मला दुसरं कोण कशाला पायजे? ह्या अख्ख्या कारखान्यात तुमी येकटंच असं हायसा, ज्येचं गाव मला म्हाईत न्हाई. पैल्या दिवसापासनं इचारलं न्हाई. लई येळा तोंडावर आल्तं, गिळलं. म्हटलं, येक तरी माणूस परका ठेवाय पायजे. येळ आली तर सांगता यावं."

म्हणजे मला मान नव्हता, मी स्टेपनी होतो. गाडीच्या मागे बांधलेली, धुऊनपुसून ठेवलेली, चिखल न लागू दिलेली. मी दूध प्यायलो. का प्यायलो, माहीत नाही. नको म्हणायला हवं होतं. इतरांना इतकी वर्षं नाही म्हणणाऱ्या माणसाला दुधाच्या पेल्याला नाही म्हणता आलं नाही. आण्णा सगळा वेळ माझ्या डोळ्यांत बघत होते. त्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं ते एकमेव 'नाही' असावं, आणि त्यांनी ते फार छान म्हटलं. मुलाखतीत मी म्हटलं होतं त्याहून छान.

पुण्याचा खरेदीचा साहेब खूश झाला. कोल्हापुरात इतका आधुनिक मालक आपण पाहिला नाही, असं तो म्हणाल्याचं मला नंतर कळलं. ऑर्डर राहिली. भट्टी पेटती राहिली.

मी आण्णांची टर उडवत इथवर आलो. मित्रांच्या मैफलीत हा किस्सा सांगतो तेव्हा फेट्याला आणि मिरचीला फार हशा मिळतो. पण नंतर मन खातं. आण्णांनी एका परक्याला घालवून सगळी माणसं राखली. माझी एजन्सी जिथे जिथे काम करते तिथे माणसं जातात आणि खाती राहतात, नवी नावं लावून. मी त्यांच्याकडून धंदा शिकलो तो असा, उलटा. कंपनीला तज्ज्ञ नको असतो. जेवायला न बोलावलेला एक माणूस हवा असतो. तो मी आहे.

काही वर्षांनी, धंद्याला पुन्हा तेजी आलेली असताना, आण्णांच्या मुलाचा मला फोन आला. कारखाना आता तो बघत होता. शिकलेला, चटपटीत, मला 'अंकल' म्हणणारा. नवी भट्टी आणली होती, जुनी माणसं नको होती. "बाबांच्या वेळची खूप आहेत, अंकल. मला त्यांना तोंडावर सांगता येत नाही. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितल्या आहेत. तुमची एजन्सी हे करेल?"

मी गेलो, पडदा लावला, कारणं दाखवली. काम मोठं होतं. त्या वर्षी मला त्याची गरजही होती. हात मिळवल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा कळंब्याला असतात आता. भेटून जा, बरं वाटेल त्यांना."

कळंब्याला तळ्याच्या बाजूला छोटं घर होतं. दारात म्हैस, आणि म्हशीशेजारी खुर्ची टाकून आण्णा. कपडे पांढरे, आता दिवसभर पांढरेच राहत असतील. वहिनींनी बाहेर येऊन दूध दिलं. इकडचं तिकडचं झालं. आण्णा चुळबुळ करत होते.

"साहेब, आता तुमी आमच्यात न्हाईसा."

"नाही."

"मग आता इचारलं तर चालतंय न्हवं?"

"काय?"

"गाव."

मला हसू आलं. "नाशिक."

"त्ये वाडल्यालं. मूळ?"

"खानदेशात. पण तिथे आता कुणी नाही."

आण्णांचा चेहरा पडला. खानदेशापर्यंत त्यांची एसटीसुद्धा कधी गेली नव्हती. मग, हात टेकता टेकता, त्यांनी विचारलं, "आनि आजोळ?"

"पेठ वडगाव."

आण्णा खुर्चीत सरळ झाले. "आमच्या बगलंतलं वडगाव?"

"हो. आजोबा जनावरांच्या बाजारात दलाल होते."

आण्णांनी सावकाश मान वळवून म्हशीकडे बघितलं. "हिची पणजी वडगावच्या बाजारातनं आणल्याली. फौंड्रीतली ती हिची आज्जी. दलाल उंच हुता. तांबडा फेटा."

"मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात एक फोटो आहे, त्यात फेटा आहे."

"तांबडा?"

"फोटो काळा-पांढरा आहे, आण्णा."

"त्योच!" आण्णांनी मांडीवर थाप मारली. "अगं ए, भायेर ये! ह्यो वडगावचा भाचा निघाला की गं! आपल्या म्हशीच्या दलालाचा नातू! आरं लेका, इतकी वर्सं आमच्या हितं ऱ्हाऊन सांगितलं न्हाईस व्हय रं?"

इतकी वर्षं मी साहेब होतो. एका दमात भाचा झालो, लेका झालो. वहिनी म्हणाल्या, आता जेवल्याशिवाय जायचं नाही. आण्णांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तवा इचारलं न्हाई ते बरं झालं," ते म्हणाले. "इचारलं असतं तर तुला ठेवाय लागला असता. मग भट्टी गेली असती."

आणि उठून ते म्हशीकडे गेले. माझ्याकडे पाठ करून तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. पूर्वी आण्णा म्हशीकडे गेले, की पुढचं वाक्य मी बोलायचो. त्या दिवशी मी तिथेच बसून राहिलो, वहिनींनी ताट वाढेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मी मुलाला फोन केला. म्हणालो, हे काम आमच्याकडून होणार नाही.

"रेटचं असेल तर बसून बोलू, अंकल."

"रेटचं नाही."

"मग? काल तर सगळं ठरलं होतं."

"कालपर्यंत तुमच्या माणसांना मला नाही म्हणता आलं असतं. आता नाही जमणार."

तो दुसरी एजन्सी शोधू शकत होता. पुण्यात तशा एजन्सींचा तोटा नाही, आणि त्यानं शोधली का, हे मी कधी विचारलं नाही. पण त्या क्षणी पलीकडून त्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

"बाबांनी गाव विचारलं ना?"